साखर सुटते, उरत नाही

उसाचं पाचट, भाताचा पेंढा, मक्याची ताटं, कापसाच्या पऱ्हाट्या यांत साखर ठासून भरलेली आहे. जिभेला ती कळत नाही एवढंच. अंगातला सुती सदरा तर जवळजवळ निखळ ग्लुकोजचा. ही साखर मोकळी करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, जंगलातल्या कुजक्या ओंडक्यावर फुकट राबतात आणि पिंपांत भरून विकतही मिळतात. तरी पाचटापासून इंधन करण्याचा धंदा इतकी वर्षं उंबरठ्यावरच का उभा आहे? याचं सरळसोट उत्तर देण्यापेक्षा दोन माणसांना भांडायला बसवावं असं मला वाटलं.

मृणाल पुण्यात जैवइंधन प्रकल्पांचे आराखडे करते. तिचे बापूमामा इचलकरंजीच्या एका कापड प्रोसेसमध्ये डाइंग मास्तर होते. आता शिरोळकडचा ऊस बघतात. माणसं माझ्या कल्पनेतली. बुरशी, कारखाने आणि आकडे खरे.

बापूमामा : एन्झाइम मला नको शिकवूस. दोन जातींची एन्झाइम मी हयातभर वापरली. एक खळ काढायचं, एक लव काढायचं. सूत मागावर चढण्याआधी सायझिंगमध्ये त्याला खळ लावतात, ती रंगाईच्या आधी काढावी लागते. टाकीत खळीचं एन्झाइम सोडलं की खळीचं पाणी होतं आणि सुताला ओरखडासुद्धा येत नाही. आता खळ म्हणजे स्टार्च, म्हणजे ग्लुकोजची साखळी. सूत म्हणजे सेल्युलोज, तीही ग्लुकोजचीच साखळी. मग एकीचा फडशा आणि दुसरीला हात नाही, असं का? केमिकल विकायला येणाऱ्याला विचारलं तर म्हणायचा, "मास्तर, डब्यावर लिहिलंय तेवढं तापमान ठेवा."

मृणाल : जोड वेगळा आहे, मामा. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे कण अशा कोनात जोडलेत की साखळी वेटोळी घेत जाते. तिच्यात पाणी शिरतं, पाठोपाठ एन्झाइम शिरतं. सेल्युलोजमध्ये प्रत्येक कण आधीच्याच्या उलटा बसतो, त्यामुळे साखळी ताठ राहते. अशा कितीतरी साखळ्या एकमेकींना खेटून पडतात, हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात, आणि मधे पाण्यालाही फट मिळत नाही. नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला यातले अर्धे जोड आपोआप सुटायचे म्हटले तर चाळीस-पन्नास लाख वर्षं लागतील, असा हिशेब अभ्यासकांनी मांडलाय.

बापूमामा : म्हणून सदरा धुवून विरघळत नाही.

मृणाल : आणि झाड पावसात उभं राहतं.

गंमत अशी की हे दोन्ही पदार्थ एकाच फ्रेंच माणसाच्या हातात आले होते. आन्सेल्म पायां बिटाच्या साखरेच्या धंद्यात मुरलेला रसायनज्ञ. १८३३ मध्ये त्याने पेर्सो या सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या सातूच्या अर्कातून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला. वेगळं काढलेलं हे पहिलं एन्झाइम. पुढे १८३८ मध्ये त्यानेच लाकडातून सेल्युलोज ओळखलं. खळीचं औषध आणि त्या औषधाला दाद न देणारा धागा, असे दोन्ही शोध पाच वर्षांच्या अंतराने एकाच्या नावावर जमा आहेत. लिननच्या चिंध्यांवर गंधकाचं आम्ल ओतून साखर काढण्याचा प्रयोग तर त्याच्याही आधी, १८१९ मध्ये, आंरी ब्राकोनो याने केला होता. चिंधीत साखर आहे ही बातमी दोनशे वर्षं जुनी आहे.

बापूमामा : बरं, आता लवेचं एन्झाइम. ते तुझ्या कामाचं, सेल्युलोज खाणारं. बायोपॉलिशला आम्ही ते वापरायचो. सुती कापडावर बारीक लव असते, धुतल्यावर तिच्याच गोळ्या होतात. पीएच पाचाच्या आसपास, पाणी ५० ते ५५ अंश, पाऊणएक तास फिरवायचं. लव जाते, कापड गुळगुळीत होतं. पण माझा जीव सगळा शेवटच्या पाच मिनिटांत. सोडा घालून पीएच चढवायचा किंवा पाणी ८० अंशांवर न्यायचं, म्हणजे एन्झाइम मरतं. नाही मारलं तर ते कापडच खात बसणार. वजन तीन-चार टक्के घटलं तर चालतं, त्याच्या पुढं ताकद जाते. म्हणजे बघ, मला ते थांबवायची घाई. तुला शेवटपर्यंत न्यायचंय.

मृणाल : ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत न्यायचंय.

बापूमामा : किती वेळात?

मृणाल : दोन ते तीन दिवस. पहिला भाग भराभर सुटतो, मग वेग पडत जातो. सैल साखळ्या आधी संपतात, घट्ट बांधलेल्या उरतात. शिवाय पेंढ्यात नुसतं सेल्युलोज नसतं. त्याला हेमिसेल्युलोजने वेढलेलं असतं आणि सगळ्यावर लिग्निन बसलेलं असतं. लिग्निनमध्ये साखर नाहीच. वर एन्झाइम त्याला चिकटून वाया जातं.

बापूमामा : माझ्या कापडात लिग्निन नव्हतं. कापूस म्हणजे सोपा पेपर.

मृणाल : हो, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत एन्झाइमची ताकद त्याच सोप्या पेपरवर मोजतात. खरोखरच्या पेपरवर! ५० मिलिग्रॅमची गाळण कागदाची पट्टी, ५० अंश, एक तास. त्यातून २ मिलिग्रॅम ग्लुकोज काढायला किती एन्झाइम लागलं ते बघायचं. ही पद्धत मेरी मँडेल्सने बसवली आणि १९८७ मध्ये दिल्ली आयआयटीच्या तरुणकुमार घोष यांनी ती नेमकी लिहून काढली. आजही कुणी सेल्युलेजवर निबंध लिहिला की घोषांचा हवाला असतोच.

बापूमामा : पन्नासातले दोन, म्हणजे चार टक्के. मग तुमचं मोजमापच माझ्या बाजूचं की! पहिले चार टक्के मोजायचे आणि नव्वदचं वचन द्यायचं.

हा चिमटा मृणालला लागला, कारण तो खरा आहे. कागदाच्या पट्टीवर पहिल्या तासात पराक्रम गाजवणारं मिश्रण प्रत्यक्ष पेंढ्यावर तिसऱ्या दिवशी कसं वागेल हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. क्षेत्रातली माणसं हे जाणतात, तरी तुलना करायला सगळ्यांना एक माप लागतं म्हणून ते चालू आहे.

मृणाल : मामा, तुम्ही 'एन्झाइम' असं एकेरी म्हणता, तिथंच गफलत होते. ती टोळी असते. एक जात साखळी मधेच कुठंतरी तोडते आणि मोकळी टोकं तयार करते. दुसरी त्या टोकाला धरते. तिच्या अंगात लांबट बोगदा असतो. मागावरच्या फणीतून ताणा ओवावा तशी साखळी त्या बोगद्यात ओवली जाते आणि दर पावलाला ग्लुकोजच्या दोन-दोन कणांचा तुकडा तुटून पडतो. त्याला सेलोबायोज म्हणतात. ती सोडून देत नाही, साखळीवरून सरकतच राहते. तिसरी जात त्या जोडीचे दोन सुटे कण करते. आता कुठं साखर. २०१० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी आणखी एक गडी दाखवून दिला. त्याच्या पोटात तांब्याचा अणू असतो आणि तो पाण्याने नाही, ऑक्सिजनच्या मदतीने साखळी तोडतो, तीही घट्ट बांधलेल्या जागी. आधी तो खेकड्याच्या कवचातल्या कायटिनवर सापडला, मग सेल्युलोजवरही त्याचे भाऊबंद निघाले. आताच्या विकतच्या मिश्रणांत तो घातलेला असतो.

बापूमामा : आणि हे सगळे कुठनं आणता?

मृणाल : एका तंबूवरून. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, कपडे, पट्टे सडायला लागले. दमट हवा, बारमाही पाऊस. शत्रूआधी बुरशीच सामान खायला लागली. सैन्याच्या पुरवठा खात्याने सडक्या कापडावरच्या बुरशी जमवल्या. त्यातल्या एकीला नाव दिलं क्यूएम ६ए. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी ती नेटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं अभ्यासली. सुरुवातीचा हेतू तंबू वाचवायचा होता. १९७०च्या दशकात तेल महागलं, तेव्हा त्याच प्रयोगशाळेत उलटी गंगा सुरू झाली : जुन्या वर्तमानपत्रांच्या रद्दीतून ग्लुकोज काढायचं. १९७७ मध्ये बुरशीला रीजच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसाय म्हणायला लागले. त्याआधी तिला ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजत होते.

बापूमामा : व्हिरिडी? ते तर आम्ही हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतो, मर रोगासाठी. कृषी सेवा केंद्रात पुडा मिळतो.

मृणाल : तिचीच बहीण. तुमच्या पुड्यातली दुसऱ्या बुरशी खाते, ही लाकूड-कापड खाते. आज जगात उद्योगासाठी वापरतात त्या ट्रायकोडर्मा रीसायच्या सगळ्या जाती त्या एका तंबूवरच्या नमुन्यापासून निघाल्यात. २००८ मध्ये तिची सगळी जनुकं वाचली. लोकांना वाटलं होतं सेल्युलोज फोडणारी जनुकं खच्चून भरलेली असणार. निघाली इतर कितीतरी बुरशींपेक्षा कमीच! हत्यारं मोजकी, पण तीच ती बुरशी भरमसाट बनवते.

बापूमामा : सदैव बनवते?

मृणाल : नाही. ती साखर दिसली की हात आखडते. समोर तयार ग्लुकोज असेल तर एन्झाइमची जनुकं बंद. कशाला खर्च करायचा? रटगर्स विद्यापीठात १९७०च्या दशकात किरण आणि रसायनं वापरून जी जात काढली, रट सी ३०, तिच्यात हा लगाम नेमका तुटलेला आहे. म्हणून ती इतकी कामाची.

बापूमामा : थांब, थांब. मग काड कुजवायच्या त्या पुसा डिकंपोजरच्या कॅप्सूलसोबत गूळ कशाला उकळून घालायला सांगतात? गूळ दिसल्यावर बुरशी काम करणार नाही म्हणतीस.

मृणाल : गूळ बुरशी वाढवण्यापुरता. गूळ-बेसनावर ती पोसली जाते, संख्या वाढते. शेतात फवारल्यावर गूळ संपतो, समोर नुसतं काड उरतं, मग ती एन्झाइम सोडते. काड आहे हे तिला कळतंही मजेशीर रीतीने. एन्झाइमचा एक थेंब ती कायम बाहेर सोडत असते. त्या थेंबाने काही सुटून आलं तर समजायचं इथं माल आहे, आणि मग कारखाना सुरू.

बापूमामा : आणि सुटलेली साखर कुठं जाते? मी पाचट कुजवतो, त्यात मला कधी गोडी सापडली नाही. मुंग्यासुद्धा लागत नाहीत.

हा प्रश्न बापूमामांनी सहज विचारला, पण माझ्या मते सगळी मेख इथे आहे. पाचट कुजताना साखर सुटते, यात शंका नाही. ती उरत नाही. बुरशी जितकी सोडते तितकी लगेच पिते. तिच्या शेजारी टपून बसलेले जिवाणू उरलीसुरली पळवतात. गाईच्या पोटात तर याहून कडक बंदोबस्त असतो. गाय स्वतः सेल्युलोज फोडणारं एन्झाइम बनवतच नाही. तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले जिवाणू, बुरशी आणि आदिजीव ते काम करतात. त्यांच्यापैकी काहींची एन्झाइम तर एकत्र सांगाड्यावर बसवलेली असतात. पण गाईच्या रक्तात त्या गवताची साखर जात नाही. जिवाणू साखर खाऊन ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्ल टाकतात आणि गाय त्या आम्लांवर जगते. दूध त्यातून होतं. वाळवीचीही साधारण तीच कथा, फक्त थोडी एन्झाइम ती स्वतः बनवते. तंतूपासून साखर करणारे जीव निसर्गात अगणित आहेत. तिचा ढीग घालणारा एकही नाही.

मृणाल : लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे, आणि माझी रोजची डोकेदुखी तीच आहे. टाकीत साखर साठायला लागली की एन्झाइमच गुदमरतं. सेलोबायोज दुसऱ्या जातीच्या बोगद्यातच अडून बसतं, ग्लुकोज तिसऱ्या जातीला थांबवतं. म्हणून त्याच टाकीत यीस्ट सोडतात. यीस्टने साखर लगेच दारूत बदलायची, एन्झाइमला मोकळी वाट.

बापूमामा : म्हणजे गाईच्या पोटाची नक्कल.

मृणाल : हो, पण भांडण तापमानाचं होतं. एन्झाइमला ५० अंश लागतात, यीस्ट ३० ते ३५ अंशांत खूश. मधला रस्ता काढला तर दोघंही निम्म्या जोराने काम करतात. आणि हेमिसेल्युलोजमधून सुटते ती झायलोज, पाच कार्बनची साखर. साध्या यीस्टला ती पचत नाही. जनुकं बदललेलं यीस्ट लागतं. त्याआधी पेंढा १६० ते २०० अंशांच्या वाफेत, आम्लाबरोबर शिजवावा लागतो, नाहीतर एन्झाइमला आत वाटच नाही. जास्त शिजवला तर फरफ्युरल तयार होतं आणि ते यीस्टला मारतं.

बापूमामा : सगळं ऐकून मला एवढंच कळलं की तू झाडाशी कुस्ती खेळतीस. त्याने न कुजण्यासाठी जे जे केलंय ते ते तुला आठवड्यात उलटवायचंय. त्यापेक्षा सरळ रस्ता आहे की. उसाचा रस आहे, मोलॅसिस आहे, मका आहे. देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल २०२५ मध्ये गाठलं, ते कशावर? पाचटावर नाही.

मृणाल : आणि ७ डिसेंबर २०२३ ला काय झालं? साखर कमी होणार म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर रोख लावली. कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या, कर्जं काढली होती. मग मोर्चा मक्याकडे वळला, तर मक्याच्या भावाने कोंबडीवाले ओरडले. खाण्याचं पीक जाळायचं म्हटलं की दरवर्षी हे होणार. पाचट कोण खातं?

बापूमामा : जमीन खाते.

मृणाल : तुमच्या आजूबाजूचे निम्मे लोक पाचट पेटवतात, मामा.

बापूमामा : पेटवतात. मूर्खपणा करतात. मी नाही पेटवत. खोडव्यात हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर कल्चर टाकायचं, सरीत दाबायचं, पाणी द्यायचं. तुझीच ती बुरशी-जिवाणू मंडळी काम करतात, माझ्याकडून पगार न घेता. पाणी कमी लागतं, तण कमी येतं, गांडुळं दिसतात. तू एन्झाइमला पिंपाच्या भावाने पैसे मोजणार, मी मोजत नाही. मग शहाणं कोण?

इथे मी उघडपणे मामांच्या बाजूचा आहे. जिथे शेतकरी पाचट कुजवतो, तिथे ते उचलून नेणारा प्रकल्प म्हणजे जमिनीचं खत पळवून टाकीत ओतणं. बगॅसबद्दलही हेच. साखर कारखान्याची चिपाडं कुठे ढिगाने पडून राहत नाहीत. ती बॉयलरमध्ये जाऊन वाफ आणि वीज देतात, आणि बरेच कारखाने ती वीज विकतात. 'टाकाऊ' हा शब्द शहरात बसून वापरायला सोपा. गावात प्रत्येक काडीला मालक असतो. मृणालच्या क्षेत्रातल्या अहवालांत कच्च्या मालाचा भाव बऱ्याचदा अगदी किरकोळ धरलेला असतो. कारखाना उभा राहिला की तो चढतो.

बापूमामा : आणि तुझे मोठे कारखाने कुठं गेले सांग की. मी वाचलंय.

मृणाल : सांगते, लपवत नाही. इटलीत क्रेशेंटीनोला २०१३ मध्ये सुरू झाला, चार वर्षांत बंद पडून पुढे दुसऱ्याच्या हातात गेला. अमेरिकेत कॅन्ससमधल्या ह्यूगोटनचा २०१४ मध्ये उघडला, २०१६ मध्ये कंपनीचं दिवाळं. आयोवात डूपाँने २०१५ मध्ये वर्षाला ३ कोटी गॅलनचा कारखाना उघडला आणि दोनच वर्षांत विकायला काढला. डूपाँकडे तर एन्झाइम बनवणारी स्वतःची कंपनी होती. आयोवातलाच एमेट्सबर्गचा २०१९ मध्ये थांबला. रोमानियात क्लॅरियंटचा २०२३च्या अखेरीस.

बापूमामा : एवढे पडल्यावरही तू कागद काढत बसतीस?

मृणाल : यातले किती एन्झाइममुळे पडले ते बघा ना. २००० नंतरच्या पाच वर्षांत एन्झाइमचा खर्च वीस-तीस पटींनी खाली आणल्याचं दोन मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं होतं. टाकीतलं विज्ञान बऱ्यापैकी जमलं. पडले ते दारात. गठ्ठ्याबरोबर माती येते, दगड येतात, कन्व्हेयर तुंबतो, वाफेच्या भांड्याचं तोंड झिजतं. पावसात भिजलेला गठ्ठा आधीच कुजलेला असतो. शिवाय तेल स्वस्त झालं, सरकारी धोरण डळमळलं. पानिपतचं उदाहरण घ्या. १० ऑगस्ट २०२२ ला इंडियन ऑइलचा प्रकल्प देशाला अर्पण झाला, खर्च नऊशे कोटींच्या वर, तंत्र आपल्या पुण्याच्या प्राजचं. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल करायचं ठरलेलं. तिथं पेंढा कुणी कुजवत नाही, मामा. कंबाइन भात कापून जातो, गव्हाच्या पेरणीला पंधरा-वीस दिवस मिळतात, म्हणून काडी ओढतात. तो धूर दिल्लीपर्यंत.

बापूमामा : टनाला दीडशे लिटर पडलं. मक्याचा टन ३८० देतो.

मृणाल : मक्याचा टन विकत घ्यावा लागतो, हो.

बापूमामा : आणि पेंढ्याचा फुकट येतो? गठ्ठे बांधायचं मशीन, ट्रॅक्टर, गोदाम, सगळं तीन आठवड्यांत आणि कारखाना बारा महिने. पण तिकडचं मी मान्य करतो. जे नाहीतर जळणारच आहे, त्याचं काहीही केलं तरी फायदाच. पंजाब-हरियाणात खुशाल कर. माझ्या पाचटाला हात लावू नकोस.

मृणाल : तुम्ही सगळ्याच ठिकाणी बायोपॉलिशवाला विचार करता. थोडं खायचं आणि थांबायचं.

बापूमामा : कारण तिथं ते एन्झाइम पोटाला मिळवतंय! जीन्स दगडांनी घासून फिक्या करायचे, दगड मशीन फोडायचे आणि गाळ ड्रेनेजला. एन्झाइम आलं आणि दगड गेले. धुण्याच्या पावडरीत ते १९८७ पासून आहे, रंग उजळ ठेवायला. फळांच्या रसात, कोंबडीच्या खाद्यात, रद्दी कागदाची शाई काढायला. कुठंही साखर काढत नाहीत. वरचा पदर सोडवतात आणि थांबतात. शंभरातले चार.

मृणाल : आणि ती एन्झाइम स्वस्त का झाली? कुणीतरी शंभरातले नव्वद मागितले म्हणून. इंधनाचं स्वप्न बघितलं नसतं तर इतकं संशोधन झालंच नसतं.

या मुद्द्यावर मामा थोडे गप्प राहिले, आणि मला वाटतं त्यांनी राहायला हवं होतं. इंधनाच्या मागे लागलेल्या पैशाने बुरशी सुधारल्या आणि त्यांचा लाभ धुलाई-रंगाईलाही झाला. भारतात याची एक छान वळणाची गोष्ट आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, एनसीआयएम. तिथे १९८०च्या दशकात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या बुरशीच्या एन्झाइमवर काम झालं होतं. तो विषय मागे पडला, बुरशी संग्रहात राहिली. पुढे दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी केंद्राच्या चमूने त्याच संग्रहातली क्रमांक १२२८ची जात घेतली, तिच्यातला साखर दिसताच हात आखडायला लावणारा लगाम मोडला, आणि ती जात अधिक एन्झाइम सोडू लागली. सॉलोमन बेटांच्या तंबूला पर्याय पाषाण रोडवर पडून होता.

बापूमामा : ते ठीक आहे. पण तुला पाचट पाहिजेच आहे ना, म्हणून तर इतकी सरबत्ती.

मृणाल : पाहिजे. सगळं नाही. आयोवातही शेतातलं सगळं ताट उचलू नये, काही भाग मातीसाठी ठेवावा, असंच सांगतात. लागणीचं आणि पहिल्या खोडव्याचं पाचट तुमचं. खोडवा मोडताना जे पडतं ते तुम्ही काय करता? खरं सांगा.

बापूमामा : त्या वेळी नांगरट करायची असते. पाचट फाळात अडकतं.

मृणाल : म्हणजे?

बापूमामा : म्हणजे... गडी पेटवतात कधी कधी. मी नाही सांगत, ते पेटवतात.

मृणाल : ते द्या.

बापूमामा : देतो. पण ऐक. गठ्ठे बांधायचं मशीन तुम्ही आणायचं. वजन माझ्या शेतात करायचं, तुमच्या गेटवर नाही. माती आली म्हणून भाव कापायचा नाही.

मृणाल : माती आली तर कापणारच. वाफेच्या भांड्याचा पाइप माझ्या पैशाने बदलतात.

बापूमामा : मग वाळवून, झटकून देतो, त्याचे वेगळे पैसे. आणि वळवाच्या आधी उचलायचं. गठ्ठा एकदा भिजला की त्याला आतनं कोण खायला लागतं हे तूच आत्ता मला तासभर सांगितलंस. भिजलेला माल मी परत घेणार नाही.